वाघाची नाइट शिफ्ट

गेल्या नोव्हेंबरात ऑफिसातली आम्ही चार टाळकी पेंचला गेलो होतो. नागपूरहून गाडी निघाली, मनसर मागे पडलं, दोन्ही बाजूंना सागाचं जंगल सुरू झालं आणि चौपदरी रस्ता उचलून पुलावर गेला. पूल काही संपेना. मागच्या सीटवरचा पुणेकर मित्र खाली डोकावून म्हणाला, "अरे, खाली नदी कुठाय? बिननदीचा पूल?" ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "जनावरांसाठी हाय साहेब. वरून आपण, खालून वाघ."

गाडीत हशा पिकला. मग आयटीवाल्यांचा आवडता उद्योग सुरू झाला, म्हणजे दुसऱ्याच्या प्रोजेक्टचं कॉस्टिंग. वाघ काय बोर्ड वाचून खालून जाणार आहे का? आपल्याकडे माणसांना धड रस्ता ओलांडता येत नाही आणि इथे चितळांना अंडरपास! टॅक्स कापला जातो तो आपला. वगैरे वगैरे. मी गप्प बसलो होतो, कारण हे सगळं मी स्वतः एकदा बोलून झालोय. २०१५ साली मी नागपुरात इंजिनिअरिंगला होतो. तेव्हा या रस्त्याची पार चाळण झाली होती, रुंदीकरण अडकलेलं होतं आणि प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं होतं. झाडं तोडायची की नाही, पूल किती लांब असावेत, यावर घासाघीस चालू होती. हॉस्टेलच्या कट्ट्यावर आमचं एकमत होतं की चार वाघांसाठी लाखो माणसांना खड्ड्यांतून नेणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

मी चुकलो होतो. पण पूर्ण चुकलो होतो का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. म्हणून हा शनिवार खर्च करतोय.

आधी वाघ बोर्ड वाचतो का त्याचं उत्तर. महाराष्ट्राच्या हद्दीतल्या त्या पट्ट्यात जनावरांसाठी अशी नऊ बांधकामं आहेत, सर्वांत छोटं ५० मीटरचं आणि सर्वांत मोठं ७५० मीटरचं. भारतीय वन्यजीव संस्थेने मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात त्यांच्याखाली कॅमेरे लावले. त्यात १८ जातींचे वन्यप्राणी टिपले गेले. चितळ, रानडुक्कर, गवा, रानकुत्री, बिबट्या, अस्वल... आणि किमान दहा वेगवेगळे वाघ. बोर्ड लागत नाही. वाट रुंद हवी, पलीकडचं जंगल दिसायला हवं, वरचा आवाज आणि उजेड खाली कमी उतरायला हवा, बस्स. जनावर स्वतः शोधून काढतं. आपल्या कुठल्याही युजरपेक्षा शहाणं!

बरं, पण वाघाला पलीकडे जायचंच कशाला? कान्हा आहे, पेंच आहे, ताडोबा आहे. एवढाली जंगलं राखून ठेवलीत, राहा की तिथे सुखाने. माझाही समज असाच होता. आपण जंगल मोजतो ते चौरस किलोमीटरमध्ये. इतकी अभयारण्यं, इतकं क्षेत्रफळ, झाला हिशोब. यात एक गोष्ट सुटते. महाराष्ट्रात २००६ च्या गणनेत अंदाजे १०३ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ४४४. अभयारण्यं काही चौपट झाली नाहीत. वाघाचं पिल्लू दीड-दोन वर्षांचं झालं की आईपासून सुटतं, आणि विशेषतः नर असेल तर त्याला स्वतःचा इलाका शोधायला निघावंच लागतं, कारण जवळच्या प्रत्येक चांगल्या जागेवर आधीच कोणीतरी थोराड बसलेला असतो. (पुण्यात फ्लॅट शोधलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.) म्हणजे जंगल जितकं चांगलं, तितकी जास्त पोरं तिथून बाहेर पडणार. बाहेर पडली की पुढे काय, हा खरा प्रश्न आहे. कधी कधी पुढे रस्ता असतो. डिसेंबर २०१७ मध्ये बोरचा बाजीराव नावाचा वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ गाडीखाली मेला.

आणि बाहेर पडता आलंच नाही तर? ओडिशातलं सिमिलीपाल बघा. तिथल्या काही वाघांचे पट्टे इतके रुंद आहेत की ते एकमेकांत मिसळून वाघ काळाच दिसतो. टूरिस्टला भारी वाटतं. बेंगळुरूच्या एनसीबीएसमधल्या उमा रामकृष्णन यांच्या टीमने २०२१ मध्ये याचं कारण शोधून काढलं. एका जीनमध्ये एका ठिकाणी झालेला बदल. तो तिथे एवढा पसरला कारण वाघ थोडे आणि बाकीच्या वाघांपासून तुटलेले, बाहेरून नवं रक्त येतच नव्हतं. आज रंग बदललाय, उद्या त्याच पद्धतीने एखादा आजाराचा जीनही पसरू शकतो. म्हणून २०२४ च्या शेवटी ताडोबाहून दोन वाघिणी, जमुना आणि झीनत, गाडीतून सिमिलीपालला नेल्या. यातली झीनत तिथून निघाली ती झारखंडमधून थेट बंगालमध्ये बांकुऱ्याला. वर्ष संपता संपता तिला बेशुद्ध करून परत आणावं लागलं. नेटवर्क बंद असलं की आपण पेनड्राइव्ह घेऊन या डेस्कवरून त्या डेस्कवर जातो ना, तसला हा प्रकार. एखाद वेळेला ठीक आहे. रोजचं काम त्याच्यावर चालत नाही.

आता माझ्या आवडत्या वाघाकडे येतो. तो आमच्या यवतमाळचा आहे, हा योगायोग समजा. टिपेश्वर हे पांढरकवड्याजवळचं जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. तिथल्या टी-वन-सी-वन नावाच्या तरुण नराला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला. तेलंगणात जाऊन आला, मराठवाडा, पश्चिम विदर्भ असे जिल्हे पालथे घातले, आणि डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन टेकला. नंतर कॉलर काढेपर्यंत त्याची एकूण चाल ३००० किलोमीटरच्या वर गेली होती. त्याला 'वॉकर' म्हणायला लागले. बिचाऱ्याची शोकांतिका ही की ज्ञानगंगेत एकही वाघीण नव्हती. एवढं चालून बॅचलरच!

पण मला त्यातलं थक्क करणारं वाटलं ते अंतर नाही. तो चालला कुठून? बहुतेक शेतांमधून. कापूस, तूर, नाल्याकाठची झुडपं, गवत. दिवसा दडायचं, रात्री चालायचं. डुकरं आणि गुरं मारून पोट भरायचं. रस्ते ओलांडले, गावं चुकवली. एवढ्या सगळ्यात त्याच्या हातून एकही माणूस मेला नाही. एकदा तो झुडपात पडलेला असताना लोकांचा घोळका आत शिरला, तेव्हा एक जण जखमी झाला, तेवढंच. हजारो माणसं त्याच्या आसपास झोपली, उठली, वेचणीला गेली आणि त्यांना पत्ताही लागला नाही.

'कॉरिडॉर' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दोन जंगलांमधली हिरवी पट्टी यायची, नकाशावर हायलायटरने ओढलेली. कान्हा-पेंचमध्ये ती बऱ्याच अंशी खरोखरच तशी आहे. पण आमच्याकडे कॉरिडॉर म्हणजे कोणाचं तरी सातबाऱ्यावरचं वावर आहे.

हे लोक कॉरिडॉर शोधतात कसे ते वाचताना एक गंमत सापडली, ती इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्रॅड मॅक्रे नावाचा अमेरिकन संशोधक मुळात इलेक्ट्रिकल इंजिनिअर, नंतर इकॉलॉजीत शिरलेला. त्याच्या डोक्यात आलं की जनावराची ये-जा आणि विजेचा प्रवाह यांचं गणित सारखंच आहे. नकाशाचा प्रत्येक चौकोन म्हणजे एक रेझिस्टर. जंगल असेल तर रोध कमी, शेत असेल तर मध्यम, शहर किंवा महामार्ग असेल तर प्रचंड. एका जंगलाला बॅटरीचं एक टोक लावायचं, दुसऱ्याला दुसरं, आणि प्रवाह कुठून कसा वाहतो ते बघायचं. त्याचं सर्किटस्केप हे सॉफ्टवेअर ज्यांनी मिळून लिहिलं त्यात विरल शहा आहेत, म्हणजे ज्यूलिया ही प्रोग्रॅमिंग भाषा काढणाऱ्या चौघांपैकी एक. आपलीच बिरादरी! फुकट आहे, ओपन सोर्स आहे, मी उतरवून घेतलं आणि दोन वीकेंड त्याच्याशी खेळलो.

फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये जे घोकलं होतं त्याचा पहिल्यांदा काहीतरी उपयोग दिसला. समांतर जोडलेले रेझिस्टर एकूण रोध कमी करतात. म्हणजे दोन जंगलांमध्ये एकच वाट असण्यापेक्षा चार बारीक वाटा असलेल्या बऱ्या, त्यातली एखादी तुटली तरी प्रवाह चालू राहतो. आणि जिथे सगळा प्रवाह एका चिंचोळ्या जागेत कोंबला जातो ती जागा गेली की सर्किटच तुटतं. पेंचचा रस्ता नेमका अशा ठिकाणी आहे. तिथे ७५० मीटरचा पूल म्हणजे चैन नाही, तो फ्यूजच्या जागी घातलेली जाड तार आहे. मित्रांना परतीच्या वाटेवर मी हे समजावलं. एकाला पटलं, दोघं झोपले होते.

तर अशा उत्साहात दिवाळीनंतर मामाकडे गेलो. मामाचं गाव राळेगावकडे. सहा एकर, कापूस आणि तूर, विहीर असल्याने हिवाळ्यात हरभरा. लॅपटॉप उघडून त्याला पिवळे-लाल प्रवाह दाखवले. हे टिपेश्वर, ही तुमची बाजू, इथून वाघ जाऊ शकतो. मामाने चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाला, "तुले वाघ कम्प्युटरवर दिसते. मले तुरीत दिसते."

आता राळेगाव म्हणजे काय ते विसरून चालणार नाही. टी-वन उर्फ अवनी ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ ला याच भागात मारली गेली. तिच्या नावावर १३ माणसांचे मृत्यू लावले गेले होते. (वॉकरची आईही टी-वनच, पण ती वेगळी, टिपेश्वरची.) तिला मारलं तेव्हा मुंबई-पुण्यात मेणबत्त्या लागल्या आणि मामाच्या गावात लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. मी हॉस्टेलवर होतो आणि माझ्या फेसबुकच्या भिंतीवर फक्त मेणबत्त्या होत्या. त्या वर्षी मामाला वेचणीला बाया मिळेनात. कापूस झाडावर लोंबत राहिला. हे मला त्याने आत्ता, एवढ्या वर्षांनी सांगितलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मी त्याला म्हटलं, मामा, वाघ रात्री चालतो, माणसाच्या वाटेला जात नाही, तुम्ही फक्त रात्री वावरात जाऊ नका. मामा हसला. "लाईन रात्री बारा वाजता येते. मंग मोटर काय वाघ लावन काय?"

माझ्या सगळ्या मॉडेलमध्ये हे एक वाक्य नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. शेतीच्या पंपाची थ्री फेज वीज चोवीस तास नसते. वेळापत्रक असतं, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकरी मध्यरात्री उठतो, हातात बॅटरी आणि काठी घेऊन वावरात जातो, मोटर सुरू करतो, बारे देतो, थंडीत कुडकुडत पहाटेपर्यंत पाणी धरतो. साप, विंचू, डुकरं, आणि वाघाच्या भागात वाघ. म्हणजे बघा, वॉकर ३००० किलोमीटर चालू शकला कारण त्या जमिनीचे दोन वापरकर्ते दोन शिफ्टमध्ये होते. दिवसा माणूस, रात्री जनावर. टाइम शेअरिंग. एकाच मशीनवर दोन प्रोसेस, एकमेकांच्या पायात न येता. आणि आपण काय केलं? पाण्याची पाळी रात्रीची लावून माणसाला उचलून वाघाच्या शिफ्टमध्ये ढकललं. दोघांची टक्कर झाली की मग आपण चर्चा करणार की वाघ नरभक्षक की शेतकरी अतिक्रमक.

यातून दुसरंही एक निघतं, आणि ते जास्त वाईट आहे. रात्री डुकरं हरभरा उपटतात. रात्रभर राखण करायला माणूस कुठून आणणार? मग काही जण कुंपणाच्या तारेला सरळ लाईनचा करंट जोडतात. बेकायदा आहे, सगळ्यांना माहीत आहे. विदर्भात अशा तारांवर वाघ मेलेत, आणि कधी कधी त्याच तारेला चिकटून शेजारचा शेतकरीही. मी ओहमचा नियम लावून वाघाला विजेचा प्रवाह समजत होतो, आणि इकडे खरा करंट वाघाच्या वाटेत सोडलेला होता. त्यावर तोडगा माहीत नाही असंही नाही. सौर कुंपण असतं, त्याचा झटका क्षणाचा असतो, जनावर मरत नाही, पळतं. त्याला सरकारी अनुदान आहे. मामाने बसवलंय. त्याच्या शेजाऱ्याने नाही, कारण आधी पूर्ण पैसे स्वतः घालायचे आणि मग अनुदानाची वाट बघायची, एवढी त्याची ऐपत नाही.

तेव्हा माझं मत हे. पेंचचे पूल बांधले ते योग्यच केलं आणि जिथे रस्ता जंगल कापतो तिथे ते व्हायलाच पाहिजेत, प्रकल्पाच्या पहिल्या नकाशातच, कोर्टाने सांगितल्यावर नाही. समृद्धी महामार्गाकडे बघा. टिपेश्वर त्याच्या एका बाजूला, ज्ञानगंगा दुसऱ्या बाजूला. वॉकर गेला तेव्हा त्या रस्त्याचं काम चालू होतं. आता जून २०२५ पासून नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर पूर्ण सुरू आहे, मीही जातो, मजा येते, खोटं कशाला बोलू. जनावरांसाठी त्यावर अंडरपास आणि ओव्हरपास ठेवलेत हे चांगलंच आहे. पण वॉकरसारखा वाघ शेतातून येतो, आणि पुढचा वॉकर आपण बांधलेल्या जागीच येईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून वाटा अनेक हव्यात, नाल्याखालचे नेहमीचे पूलसुद्धा थोडे मोठे आणि कोरडी कड असलेले हवेत. त्याला वेगळं बजेट फार लागत नाही, आधी विचार लागतो.

पण वन्यजीवांसाठी म्हणून जो पैसा आणि जी हुशारी खर्च होते त्यात दिवसाची वीज हा विषय कुठेच नसतो, आणि माझ्या मते तो सगळ्यात वर असायला हवा. कायद्यात व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या जमिनीचा विचार आहे. २००६ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ३८-ओ आलं, त्यानुसार अशा जमिनीचा पर्यावरणाला न झेपणारा वापर सहजासहजी करता येत नाही. खाणीला, धरणाला ते अडवू शकतं. पण मामाच्या वावरात रात्री कोण असावं हे कलम ३८-ओ ठरवत नाही. ते फीडरचं वेळापत्रक ठरवतं. दिवसा वीज देण्याच्या सौर योजना आल्यात, काही गावं त्यावर गेलीतही. माझं म्हणणं इतकंच की त्यांचा क्रम लावताना हातात कॉरिडॉरचा नकाशा असू द्या. जिथून वाघ जातो ती गावं आधी. तसंच सौर कुंपणाचं, तसंच गाय मारली तर भरपाईचं. ती महिन्याभरात मिळाली तर माणूस वाघाला शिव्या देऊन गप्प बसतो. वर्ष लागलं तर मेलेल्या गाईवर विष टाकायचा विचार मनात येतो. एवढा साधा हिशोब आहे.

वेळ वाटून घेणं हे काही मी शोधलेलं नाही. बंदीपूरमधून म्हैसूर-वायनाड जाणारा महामार्ग २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहनांना बंद आहे, अत्यावश्यक गाड्या आणि मोजक्या बस सोडून. लोकांनी आरडाओरडा केला, आजही करतात, पण रस्ता दिवसा माणसाचा आणि रात्री हत्तीचा आहे. तिथे रस्त्याला जे जमलं ते इथे शेताला जमवायचं आहे, आणि इथे तर शेतकरी स्वतःच मागतोय की मला रात्री बोलवू नका!

माझ्या त्या पुणेकर मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे शेवटी खर्च वाढलाच की, पूल पण पाहिजे आणि दिवसाची वीज पण. हो, वाढला. आपल्याला दोन सेकंदांत डिलिव्हरी ट्रॅक करायची असते तेव्हा आपण सर्व्हर किती लावले ते विचारत नाही.

परवा मामाला फोन केला होता. या आठवड्यात लाईन रात्रीचीच आहे, हरभऱ्याला दुसरं पाणी चाललंय. नाल्याकडच्या बांधावर पायाचे ठसे होते म्हणाला, कशाचे ते ओळखू आले नाहीत, पाण्याने मोडले होते. बॅटरी नवीन घेतलीय त्याने. उजेड पार नाल्यापर्यंत पडतो म्हणे.